बगळे, पांढरे

बगळ्यांच्या आर्डिइडी कुलातील ज्या जातींचा पिसारा वर्षभर, किंवा वर्षाचा बराच काळ, शुभ्र असतो त्यांना सामान्यतः ‘पांढरे बगळे’ म्हणतात. बगळा ही एकच जाती असून तिच्यात फक्त लहानमोठे पक्षी असतात, असा समज सर्वत्र आढळतो; परंतु तो बरोबर नाही. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर मोठा बगळा, मध्यम बगळा, लहान बगळा, गायबगळा व समुद्री बगळ्याचे पांढरे रूप असे पाच प्रकारचे पांढरे बगळे नियमितपणे दिसतात. त्यांचे अन्न, राहण्याच्या जागा व वर्तन ही वेगवेगळी आहेत. रंग एकच असल्यामुळे त्यांना ओळखताना चोच, पाय, मान, जबड्याची रेषा व हालचाल यांवर भर द्यावा लागतो. प्रस्तुत नोंदीत रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. कारण खाडी, खाजण, मिठागरे, भातखाचरे व तलाव ही बगळ्यांची सर्व प्रकारची आश्रयस्थाने तेथे थोड्या अंतरात एकवटली आहेत.

पनवेल परिसर : सह्याद्रीच्या पायथ्याकडून येणारी गाढी नदी पनवेल शहराजवळून वाहत खाडीला मिळते. खाडीच्या दोन्ही अंगांना तिवरांची (कांदळवनांची) दाटी असून ओहोटीच्या वेळी चिखलाचे विस्तृत पट्टे उघडे पडतात. निवटी, लहान चिंबोरी, कोलंबी व बोईट यांसारखे बगळ्यांचे खाद्य या पट्ट्यांत विपुल असते. खाडीलगतच्या जमिनी बंधारे घालून व उघाडी बसवून भातशेतीखाली आणण्याची पद्धत आगरी शेतकऱ्यांत पूर्वापार चालत आली आहे. पावसाळ्यात या खाचरांत बेडूक, मासोळ्या व जलकीटक यांची भर पडते. पनवेल शहरात वडाळे, कृष्णाळे व देवाळे हे गोड्या पाण्याचे तलाव आहेत. शहराच्या दक्षिणेस सुमारे १२ किमी. अंतरावर कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८) असले, तरी ते मुख्यतः वनपक्ष्यांचे स्थान आहे. बगळ्यांसाठी त्यापेक्षा खाडी व खाचरेच महत्त्वाची होत.

कुलाची सामान्य लक्षणे : आर्डिइडी कुलात जगभर सुमारे ७० जाती आहेत. पूर्वी या कुलाचा समावेश करकोच्यांबरोबर सिकोनीफॉर्मिस गणात करीत असत. डीएनएच्या अभ्यासानंतर ते पेलिकनांच्या गणात (पेलिकॅनिफॉर्मिस) घालण्यात आले आहे. लांब मान, लांब पाय व भाल्यासारखी सरळ, टोकदार चोच ही या कुलाची ठळक लक्षणे होत. मानेत २० ते २१ मणके असून सहावा मणका लांबट असतो. त्यामुळे मान ‘एस’ या रोमन अक्षरासारखी वळते आणि भक्ष्यावर क्षणार्धात झेप घेता येते. मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात. शरीराच्या काही भागांवरील विशिष्ट पिसांचा सतत भुगा होत असतो. ही भुकटी पिसाऱ्यावरील चिखल व माशांचा चिकटा काढण्यास उपयोगी पडते. उडताना बगळा मान आखडून खांद्यांमध्ये घेतो व पाय मागे लांब सोडतो. करकोचा, चमचा व शराटी हे पक्षी मान पुढे ताणून उडतात. हा एकच फरक लक्षात ठेवला, तरी दूरवर उडणारा पांढरा पक्षी बगळ्यांच्या कुलातील आहे की नाही, हे बहुधा निश्चित सांगता येते.

मोठा बगळा : (शास्त्रीय नाव आर्डिया अल्बा). पांढऱ्या बगळ्यांत हा सर्वांत मोठा असून त्याची लांबी ८० ते १०० सेंमी.पर्यंत भरते. मान धडाच्या मानाने फारच लांब असून तिच्या मध्याजवळ कोन पडल्यासारखा स्पष्ट बाक दिसतो. डोके चपटे, लांबट व चोच लांब असते. त्यामुळे कपाळ व चोच एका रेषेत असल्याचा भास होतो. जबड्याची रेषा, म्हणजे तोंडाच्या फटीचे टोक, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेले असते. मध्यम बगळ्यापासून याला वेगळे काढण्याचे हे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे. विणीचा हंगाम नसताना चोच पिवळी असते. विणीच्या काळात ती काळी होते, डोळा व चोच यांमधील उघडी कातडी निळसर हिरवी होते व पाठीवर लांब, झिरझिरीत पिसांचा झुपका येतो. ही पिसे शेपटीच्याही पलीकडे जातात. डोक्यावर तुरा कधीच नसतो व छातीवरही शोभेची पिसे येत नाहीत. पाय व बोटे काळी असतात. विणीच्या काळात पायाचा वरचा उघडा भाग तांबूस होतो. हा पक्षी बहुधा एकटा, खोल पाण्यात दीर्घकाळ निश्चल उभा राहून अथवा अगदी संथपणे पावले टाकीत शिकार करतो. ‘बकध्यान’ हा शब्द ज्या वृत्तीला लावला जातो, तिचे उत्तम उदाहरण हाच बगळा होय.

मध्यम बगळा : (आर्डिया इंटरमीडिया). लांबी सुमारे ६५ ते ७२ सेंमी. नावाप्रमाणेच हा मोठा व लहान यांच्या मधला असल्यामुळे त्याची ओळख पटविण्यात सर्वाधिक चुका होतात. याची मान साधारणपणे धडाच्या लांबीइतकी असून तिला मोठ्या बगळ्यासारखा तीव्र बाक नसतो. डोके गोलसर व चोच तुलनेने आखूड असते. जबड्याची रेषा डोळ्याच्या खालीच संपते; ती मागे जात नाही. एरवी चोच पिवळी असून पुष्कळदा तिचे टोक काळपट असते. विणीच्या काळात भारतातील पक्ष्यांची चोच काळी होते. पाय व बोटे काळी असतात. विणीच्या काळात पाठ व छाती या दोन्ही ठिकाणी झिरझिरीत पिसे येतात. मात्र डोक्यावर तुरा नसतो. हा बगळा उघड्या चिखलापेक्षा गवताळ दलदल, पाणी भरलेली भातखाचरे व तलावांचे उथळ काठ अधिक पसंत करतो. गोड्या पाण्याच्या दलदली नाहीशा झाल्या, तर या गटात प्रथम झळ पोहोचण्याचा संभव याच जातीला आहे.

लहान बगळा : (एग्रेट्टा गार्झेट्टा). लांबी ५५ ते ६५ सेंमी. बांधा सडपातळ, चोच बारीक व वर्षभर काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी असतात. काळ्या पायांना पिवळे मोजे घातल्यासारखे दिसते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात काळी चोच, काळे पाय व पिवळी बोटे या तीन गोष्टी एकत्र दिसल्यास ओळखीबद्दल फारशी शंका राहत नाही. विणीच्या काळात डोक्याच्या मागील बाजूस दोन लांब, फितीसारखी पिसे येतात. छातीवर व पाठीवरही शोभेची पिसे असून पाठीवरील पिसांची टोके वर वळलेली असतात. प्रियाराधनाच्या काळात डोळ्यापुढील कातडी काही दिवस लालसर होते. मोठ्या बगळ्याच्या संथपणाच्या उलट हा पक्षी चपळ असतो. उथळ पाण्यात तो इकडून तिकडे धावतो, पाय थरथरवून चिखल ढवळतो व बाहेर पडलेले मासे, कोलंबी टिपतो. त्याच्या पिवळ्या बोटांचा उपयोग भक्ष्यास बिचकविण्यासाठी होत असावा, असे मानतात. खाडी, नदी, तलाव, खाचर व शहरातील नाले अशा सर्व जागी हा आढळतो.

गायबगळा : याला गोबगळा असेही म्हणतात. पूर्वी जगातील सर्व गायबगळे बुबल्कस आयबिस या एकाच जातीत मोडत असत. अलीकडील याद्यांत दक्षिण व पूर्व आशियातील पक्षी ही स्वतंत्र जाती मानून तिला कोरोमांडा हे जातिनाम दिले जाते. हे नाव भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून पडले आहे. लांबी ४६ ते ५६ सेंमी. मान आखूड व जाड, अंगकाठी काहीशी बसकी, चोच आखूड व पिवळी असते. चोचीच्या खालच्या बाजूस पिसे पुढेपर्यंत आलेली असल्यामुळे हनुवटी फुगीर दिसते. पाय काळपट किंवा हिरवट करडे असून बोटे त्याच रंगाची असतात. विणीच्या काळात डोके, मान, छाती व पाठ यांवर नारिंगी-सोनेरी रंग चढतो. त्या वेळी हा बगळा कोणालाही ओळखता येतो. हंगाम संपला की तो पुन्हा शुभ्र होतो व तेव्हाच घोटाळा सुरू होतो. गायबगळा पाण्यावर फारसा अवलंबून नसतो. चरणाऱ्या गुरांच्या पायांमुळे उडणारे नाकतोडे, टोळ, माश्या व बेडूक तो टिपतो. नांगराच्या व ट्रॅक्टरच्या मागे चालणारे, कचऱ्याच्या ढिगांवर माश्या पकडणारे बगळे बहुधा याच जातीचे असतात. मानवाने मोकळ्या केलेल्या जमिनीचा लाभ घेण्याची त्याची क्षमता असामान्य आहे. त्याचा पश्चिमेकडील भाईबंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचला व १९५३ मध्ये फ्लॉरिडात त्याची घरटी आढळली.

समुद्री बगळा : (एग्रेट्टा गुलॅरिस). लांबी ५५ ते ६५ सेंमी. या जातीत दोन रूपे असतात : एक गडद करडे, गळा पांढरा असलेले, दुसरे पूर्णपणे पांढरे. दोन्ही रूपांचे पक्षी एकमेकांशी जोडी जमवितात. क्वचित पांढऱ्यावर करडे ठिपके असलेले पक्षीही दिसतात. करडा पक्षी सहज ओळखू येतो. पांढरा मात्र लहान बगळ्यासारखाच भासतो. याची चोच अधिक जाड, किंचित खाली वाकलेली व पिवळसर तपकिरी असते. पाय पूर्ण काळे नसून हिरवट तपकिरी असतात व बोटांचा पिवळा रंग पायाच्या नळीवरही काही अंतर चढलेला असतो. हा पक्षी खाऱ्या पाण्याचा रहिवासी असून खडकाळ किनारे, खाड्यांची मुखे व चिखलाचे पट्टे यांवर वावरतो. पाण्यापासून दूर शेतात तो क्वचितच जातो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर लहान बगळा व समुद्री बगळा यांचा संकर झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणून काही पक्ष्यांची निश्चित ओळख पटविणे तज्ञांनाही शक्य होत नाही. अशा पक्ष्याची नोंद ‘लहान किंवा समुद्री’ अशी करणे हेच शास्त्रीय दृष्ट्या योग्य होय.

बगळ्यांसारखे दिसणारे इतर पक्षी : ढोकरी किंवा वंचक (आर्डिओला ग्रेयी) हा बसलेला असताना मातकट, रेघारेघांचा दिसतो व चिखलात मिसळून जातो, परंतु उडताच त्याचे शुभ्र पंख एकदम उघडे होतात व पाहणाऱ्यास पांढरा बगळा उडाल्यासारखे वाटते. पाठ तपकिरी असणे ही त्याची खूण होय. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांच्या सूचीत केले. चमचा (प्लॅटॅलिया ल्युकोरोडिया) हा पांढरा असून त्याची चोच टोकाशी पळीसारखी चपटी असते. चोच पाण्यात अर्धवट उघडी धरून तो ती दोन्ही बाजूंना हलवीत चालतो. पांढरा शराटी अथवा कुदळ्या (थ्रेस्किऑर्निस मेलॅनोसेफॅलस) याचे डोके व मान काळी, पिसेरहित असून चोच विळ्यासारखी खाली वाकलेली असते. हे दोन्ही पक्षी मान ताणून उडतात. राखी बगळा व जांभळा बगळा हे त्याच कुलातील असले, तरी रंगामुळे घोटाळा होत नाही. ठाणे खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी दुरून पांढरे दिसतात. परंतु जाड, मध्येच वाकलेली चोच व पंखांतील गुलाबी-तांबडा रंग यांमुळे ते वेगळे ओळखू येतात. [⟶ करकोचा, रोहित].

ऋतुमानाप्रमाणे होणारे बदल : पांढऱ्या बगळ्यांची ओळख पटविताना महिना कोणता, हा प्रश्न प्रथम विचारावा. कोकणात त्यांची वीण मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, जून ते सप्टेंबरमध्ये होते. या काळात मोठा व मध्यम या दोन्ही बगळ्यांच्या चोची काळ्या असतात. त्यामुळे ‘काळी चोच म्हणजे लहान बगळा’ हा ठोकताळा तेव्हा निरुपयोगी ठरतो. उलट, पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्या महिन्यात मोठा, मध्यम व गायबगळा या तिन्ही जाती पांढऱ्या अंगाच्या व पिवळ्या चोचीच्या असतात. तेव्हा चोचीच्या रंगाने फक्त लहान बगळा वेगळा काढता येतो व उरलेल्यांसाठी मान, जबड्याची रेषा आणि आकार पाहावा लागतो. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस चोचीचा रंग पालटत असतो. तेव्हा अर्धी पिवळी व अर्धी काळी चोचही दिसते. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गायबगळ्याची चोच काही काळ काळी असते, तर लहान बगळ्याच्या पिलांच्या चोचीचा खालचा भाग फिकट व पाय हिरवट असतात. पहिला पक्षी लहान बगळा वाटतो, दुसरा समुद्री बगळा.

ओळखण्याचा क्रम : निरीक्षकाने पुढील क्रम पाळल्यास चुका पुष्कळ कमी होतात. (१) पक्षी उडत असेल तर मान आखडलेली आहे का, ते पाहावे. ताणलेली असल्यास तो बगळा नव्हे. (२) पाठ तपकिरी असल्यास ढोकरी. अंगावर नारिंगी छटा असल्यास गायबगळा. (३) पूर्ण पांढरा असल्यास बोटांचा रंग पाहावा. बोटे पिवळी व पाय काळे असल्यास लहान बगळा. पिवळा रंग नळीवर चढलेला व चोच जाड, तपकिरी असल्यास समुद्री बगळा. (४) बोटे गडद असल्यास मान पाहावी. मान आखूड व जाड, हनुवटी फुगीर असल्यास गायबगळा. (५) मान लांब असल्यास जबड्याची रेषा पाहावी. ती डोळ्याच्या मागे जात असल्यास मोठा बगळा, डोळ्याखाली थांबत असल्यास मध्यम बगळा. (६) शेवटी वर्तन व जागा यांच्याशी निष्कर्ष पडताळून पाहावा. वर्तन हा पुरावा पूरक आहे, निर्णायक नव्हे. कारण लहान बगळाही कधीकधी गुरांमागे चालतो व गायबगळाही तलावाच्या काठी उतरतो.

निरीक्षणातील अडचणी : एकट्या पक्ष्याचा आकार फसवा असतो. तुलनेसाठी जवळ दुसरी जाती नसल्यास मध्यम बगळा मोठा व लहान बगळा मध्यम वाटतो. उभे राहण्याची ढबही घोटाळा करते : मान आखडून बसलेला मोठा बगळा बुटका, तर मान उंचावलेला गायबगळा सडपातळ दिसतो. खाडीच्या चिखलात बोटे माखली गेल्याने लहान बगळ्याची पिवळी खूण झाकली जाते. पक्षी पाण्यातून चालू लागेपर्यंत किंवा उडेपर्यंत वाट पाहणे हाच त्यावर उपाय आहे. भर दुपारच्या उन्हात पांढरा रंग डोळे दिपवितो व चोचीचा आकार नीट दिसत नाही; सकाळी व सायंकाळी, सूर्य पाठीशी ठेवून पाहणे हितावह ठरते. भरतीच्या वेळी चिखल बुडाल्याने खाडीतील बगळे बंधारे, तिवरे व खाचरांवर एकत्र जमतात, तर ओहोटीला विखुरतात. म्हणून गणना करताना भरती-ओहोटीची वेळ नोंदणे आवश्यक असते. ती न नोंदल्यास तेच पक्षी खाडीत एकदा व खाचरात एकदा असे दोनदा मोजले जाण्याचा संभव असतो.

प्रजनन : बगळे वसाहतींनी वीण करतात. अशा वसाहतीस मराठीत ‘सारंगागार’ असे नाव रूढ झाले आहे. एकाच चिंचेच्या, पिंपळाच्या किंवा वर्षावृक्षाच्या झाडावर निरनिराळ्या जातींचे बगळे, ढोकरी व पाणकावळे यांची काटक्यांची घरटी आढळतात. खाडीकाठी तिवरांवरही ती असतात. लहान बगळा ३ ते ५ फिकट निळसर हिरवी अंडी घालतो; गायबगळ्याची अंडी याहून पांढुरकी असतात. अंडी उबविण्याचे व पिलांना भरविण्याचे काम नर व मादी दोघेही करतात. उबवणीस सुमारे तीन ते साडेतीन आठवडे लागतात. नर व मादी रंगाने सारखीच असल्यामुळे दुरून त्यांच्यात फरक करता येत नाही. गावातील जुनी झाडे विष्ठेच्या त्रासामुळे ऐन विणीच्या काळात छाटली जातात व त्यामुळे शेकडो पिले एकाच दिवशी मरू शकतात. छाटणी पावसाळ्यानंतर केल्यास ही हानी टळते.

लोकजीवनातील स्थान : संस्कृत ‘बक’ या शब्दापासून बगळा हे नाव आले. ढोंगी साधूस ‘बगळाभगत’ म्हणतात. आकाशातून बगळ्यांची रांग जाताना मुले नखे एकमेकांवर घासून त्यांच्याकडे फूल मागतात व नखावरील पांढऱ्या ठिपक्यास ते फूल समजतात. निरनिराळ्या पुस्तकांत व बोलींत बगळ्यांच्या नावांचा मेळ बसत नाही. एकच नाव दोन जातींना लावलेले आढळते. म्हणून नोंद करताना मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव देणे इष्ट होय.

पिसांचा व्यापार व संरक्षण : बगळ्यांच्या विणीच्या काळातील झिरझिरीत पिसांना राजदरबारी कलगीसाठी पूर्वीपासून मागणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोप व अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर ही पिसे लावण्याची लाट आली व त्यांची किंमत वजनास वजन सोन्याहून अधिक झाली. पिसे फक्त विणीच्या काळात येत असल्यामुळे घरट्यांवरील पक्षी मारले जात व पिले उपासमारीने मरत. १९०२ मध्ये तत्कालीन हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीस बंदी केली. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये लहान बगळे पाळून, त्यांना न मारता पिसे काढण्याचा उद्योगही चालत असे. ब्रिटनमध्ये १९२१ च्या कायद्याने पिसांच्या आयातीस प्रतिबंध झाला व टोप्यांची रूढीही बदलली. त्यानंतर बगळ्यांची संख्या पुन्हा वाढली. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने बगळ्यांना संरक्षण दिले आहे.

आज बगळ्यांपुढील प्रश्न शिकारीपेक्षा जागेचा आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाल्यानंतर नवी मुंबईच्या उभारणीत पनवेल व उरण तालुक्यांतील पुष्कळ खाजणे व खाचरे भरून काढण्यात आली. १९८९ मध्ये न्हावा शेवा येथे बंदर सुरू झाले. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट करण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. कांदळवनांना न्यायालयीन निर्णयांमुळे व राज्य शासनाच्या कांदळवन कक्षामुळे (स्थापना २०१२) काही प्रमाणात आधार मिळाला आहे. तथापि, २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येतून भातखाचरे व मीठ उत्पादनाच्या जागा वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या जागांवर पनवेलचे बगळे पोट भरतात, त्यांपैकी मोठा भाग या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो.

ओळखीचे महत्त्व : या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बगळ्यांच्या जाती अचूक ओळखणे हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. एखाद्या पाणथळ जागी पूर्वी शंभर ‘बगळे’ होते व भराव टाकल्यानंतरही शंभरच आहेत, अशी नोंद झाल्यास जागेची हानी झाली नाही असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात पूर्वीचे शंभर हे मध्यम व लहान बगळे आणि नंतरचे शंभर हे भरावावर व कचऱ्यावर आलेले गायबगळे असू शकतात. दलदलीतील एका जातीची घट कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या जातीच्या वाढीखाली अशी झाकली जाते व कागदावर काहीच बदललेले दिसत नाही. विमानतळाच्या बाबतीतही हेच लागू पडते. विमानांना पक्ष्यांची धडक टाळण्यासाठी पक्षी कोणता हे माहीत असावे लागते : गायबगळा धावपट्टीलगतचे गवत कापताना उडणाऱ्या कीटकांसाठी येतो, तर लहान बगळा उघड्या गटारांतील व साचलेल्या पाण्यातील माशांसाठी. पहिल्यासाठी गवताची उंची व कापणीची वेळ, दुसऱ्यासाठी पाण्याचा निचरा यांचा विचार करावा लागतो. एकावरील उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही. नोंदीत ‘बगळा’ या एका शब्दाऐवजी जाती, चोचीचा रंग, महिना व भरती-ओहोटीची वेळ लिहिली गेली, तर शाळेतील विद्यार्थ्याची वहीदेखील काही वर्षांनी त्या जागेच्या इतिहासाचा विश्वसनीय पुरावा ठरू शकते.